हवेतल्या नत्राचा माग काढणारा माणूस

मृगाच्या तोंडावर जळगावातल्या किंवा धुळ्यातल्या कुठल्याही कृषी सेवा केंद्रात जाऊन उभे राहावे. कपाशीच्या बियाण्यासाठी झुंबड उडालेली असते, युरियाच्या गोण्यांवरून बोलाचाली चाललेली असते, कुणी उधारीचे बोलत असतो, कुणी पावसाचे. या साऱ्या गडबडीत फळीच्या एका कोपऱ्यात पाव-पाव किलोची काही पाकिटे निमूटपणे पडलेली असतात. आत काळसर भुकटी. अलीकडे हाच माल बाटलीतही मिळतो. एका पाकिटावर रायझोबियम असे नाव, दुसऱ्यावर अ‍ॅझोटोबॅक्टर, तिसऱ्यावर अ‍ॅझोस्पिरिलम. किंमत युरियाच्या मानाने किरकोळ, आणि म्हणूनच की काय, मानही किरकोळ. साक्रीकडचे आमचे एक मामा दर वर्षी गुळाच्या पाण्यात ही भुकटी कालवून दहा-बारा किलो बियाण्याला एक पाकीट या हिशेबाने चोळायचे आणि गोणपाटावर सावलीत बी सुकत घालायचे. उन्हात का नाही, असे विचारले की ते जरा वैतागत. आत जिवंत जीव आहेत, ते उन्हात मरतील, एवढेच त्यांचे उत्तर असे. एका वर्षी मात्र कुठल्याशा दुकानात पत्र्याखाली साऱ्या वैशाखभर तापलेली पाकिटे त्यांच्या गळ्यात पडली. त्या साली मुगाच्या मुळांवर गाठीच धरल्या नाहीत.

ही तीन पाकिटे वेगवेगळ्या पिकांसाठी असली तरी त्यांचा माग काढत गेले की तो एकाच माणसापाशी जाऊन थांबतो. मूग-उडदाच्या मुळांवरच्या गाठींत राहणारा जिवाणू गाठीतून बाहेर काढून पहिल्यांदा वेगळा वाढवला तो याने. कपाशी-ज्वारीला लावतो तो अ‍ॅझोटोबॅक्टर शोधला याने, आणि त्याचे बारसेही केले यानेच. अ‍ॅझोस्पिरिलमची पहिली ओळखसुद्धा याचीच, तीही म्हातारपणी. रावेर-यावलच्या केळीबागांना छळणारा हरण्या रोग ज्या जातीच्या रोगजंतूमुळे होतो, त्या विषाणू नावाच्या अजब प्रकाराची कल्पना स्पष्टपणे मांडली तीही यानेच. हॉलंडमधल्या या शास्त्रज्ञाचे नाव मार्टिनस विलेम बायेरिंक. सूक्ष्मजीवशास्त्राच्या पुस्तकांत त्याला मोठा मान आहे. आपल्याकडे मात्र शाळेच्या पुस्तकातून पाश्चर आणि कॉख भेटतात, बायेरिंक भेटत नाही.

१६ मार्च १८५१ रोजी अ‍ॅमस्टरडॅम येथे मार्टिनसचा जन्म झाला. वडील डेर्क बायेरिंक यांचा तंबाखूचा व्यापार होता. मार्टिनस दोन-तीन वर्षांचा असतानाच हा धंदा बुडाला. दिवाळे निघाले आणि कुटुंबाला गाशा गुंडाळून नार्डेन या लहान गावी जावे लागले. काल-परवापर्यंत पेढी चालवणारे वडील रेल्वे कंपनीत कारकून झाले. घरात पैशाची चणचण एवढी की मुलांना शाळेत घालणे जड. वयाची बारा वर्षे होईपर्यंत मार्टिनसला वडिलांनीच घरी शिकवले. पुढे हार्लेमला शाळेत गेला, तेव्हा त्याला नाद लागला तो रानावनातल्या झाडाझुडपांचा. या नादाने पुढे त्याची साथ कधीच सोडली नाही.

पुढच्या शिक्षणाचा भार काकांनी उचलला म्हणून १८६९ मध्ये तो डेल्फ्टच्या पॉलिटेक्निकमध्ये रसायन शिकायला दाखल होऊ शकला. तिथे त्याच्याबरोबर राहायला होता व्हांट हॉफ. हा पुढे रसायनशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक मिळवणार होता, पण तेव्हा दोघेही कफल्लक विद्यार्थी. खोलीवरच रसायनांचे प्रयोग चालायचे म्हणे. घरमालकाची दया येते! डेल्फ्टनंतर लायडनचे विद्यापीठ, आणि १८७७ मध्ये डॉक्टरेट. विषय कोणता? तर झाडांच्या पानांवर आणि फांद्यांवर कीटकांमुळे ज्या गाठी येतात, त्या कशा तयार होतात हा. गाठी या माणसाच्या आयुष्यात अशा पहिल्यापासूनच आहेत.

पोटासाठी नोकरी हवी होती. ती मिळाली शेतीशाळेत शिकवण्याची, आधी वार्फुमला आणि मग वाखनिंगनला. वाखनिंगनला आडोल्फ मायर नावाचे एक सहकारी होते, ते तंबाखूच्या पानांवर पडणाऱ्या हिरव्या-पिवळ्या ठिपक्यांच्या रोगाचा अभ्यास करत होते. ज्या तंबाखूने बापाला बुडवले, त्याच तंबाखूचा रोग मुलाच्या डोक्यात असा शिरला. वीस वर्षांनी त्याचे फळ आले. रोगट पानांचा रस चिनी मातीच्या अतिसूक्ष्म गाळणीतून गाळला तरी तो निरोगी झाडाला रोगी करतो, याचा अर्थ रोगाचे कारण जिवाणू नव्हे, ते जिवंत पेशीतच वाढणारे आणखी काही तरी आहे, असे बायेरिंक यांनी १८९८ मध्ये मांडले. गाळणीचा असाच प्रयोग इव्हानोव्हस्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९२ मध्येच केला होता. ते कळताच बायेरिंक यांनी पहिलेपणाचा मान मोकळेपणाने त्याला देऊन टाकला. एरवी स्वभावाने फटकळ असलेल्या या माणसाचा हा मोठेपणा लक्षात ठेवण्यासारखा आहे.

१८८५ मध्ये एक विचित्र वळण आले. डेल्फ्टमध्ये यीस्ट आणि मद्यार्क बनवणारा एक मोठा कारखाना होता. त्याचे चालक व्हान मार्केन हे दूरदृष्टीचे गृहस्थ. कामगारांसाठी बागबगीच्यासह वसाहत बांधणाऱ्या या कारखानदाराने कारखान्यात प्रयोगशाळा उभारायची ठरवली आणि वनस्पतींच्या गाठींवर डॉक्टरेट केलेल्या मास्तराला बोलावून घेतले. बायेरिंक आधी कां-कूं करत राहिले. शेवटी गेले, आणि तिथे दहा वर्षे राहिले. मधूनमधून त्यांना वाटे, आपण फुकटचा पगार खातो आहोत. कारखान्याच्या यीस्टपेक्षा आपले लक्ष भलत्याच गोष्टींकडे आहे, तेव्हा नोकरी सोडलेली बरी. मालकाने मात्र त्यांना जाऊ दिले नाही. कारखान्याला या दहा वर्षांत काय मिळाले याचा हिशेब कारखान्याने ठेवला असेल. जगाच्या शेतीला मिळाले ते असे.

हवेत शंभरातले ७८ भाग नत्र असतो. म्हणजे प्रत्येक शेताच्या डोक्यावर नत्राचा अखंड साठा आहे, आणि तरीही पीक नत्रावाचून पिवळे पडते. कारण नत्राच्या दोन अणूंनी एकमेकांना अशी मिठी मारलेली असते की ती सोडवणे झाडाला साधत नाही. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी या वायूला नाव दिले ते अ‍ॅझोट, म्हणजे जीवनहीन. माणसाने ही मिठी कारखान्यात सोडवली ती विसाव्या शतकात, हाबर आणि बॉश यांच्या रीतीने. तीसुद्धा चारशे-पाचशे अंश तापमान आणि हवेच्या दाबाच्या दोनशे पट दाब वापरून. युरियाची गोणी महाग का, हे यावरून ध्यानात यावे. आपल्याला ती सवलतीत मिळते हा भाग वेगळा.

डाळवर्गी पिकानंतर जमीन सुधारते हे आपल्या आज्या-पणज्यांना ठाऊक होते. ज्वारीत तुरीचे तास, कपाशीत मुगाचे तास ही खान्देशातली जुनीच चाल. कारण कुणाला ठाऊक नव्हते. १८८६ मध्ये हेलरीगेल आणि विलफार्थ या दोन जर्मनांनी सिद्ध केले की मुळांवर गाठी असतील तरच डाळवर्गी झाडाला हवेतला नत्र मिळतो, आणि गाठी येतात त्या मातीतल्या कसल्या तरी जंतूंमुळे. पण तो जंतू कोणता? तो कुणालाच वेगळा करून वाढवता येईना.

तेव्हा जिवाणू वाढवायचे म्हणजे मांसाचा सकस रसा घालून, अशी वहिवाट होती. बायेरिंक हे मूळचे वनस्पतींचे अभ्यासक. त्यांनी विचार केला असणार तो झाडाच्या बाजूने. त्यांनी वाटाण्यासारख्या झाडांच्याच पाल्याचा काढा करून तो जिलेटिनमध्ये घातला, आणि या साध्या जेवणावर गाठीतला जिवाणू वाढला. ही गोष्ट १८८८ सालची. रायझोबियम हे नाव त्याला पुढे दुसऱ्याने दिले. मात्र बायेरिंक यांना एक गोष्ट खटकत राहिली. झाडापासून तोडून आणलेला हा जिवाणू बशीमध्ये एकटा असताना हवेतला नत्र काही पकडत नाही. मग हा नत्र पकडतो हे म्हणायचे कशावरून? ते सावधपणे बोलत राहिले. आज आपल्याला माहीत आहे की झाड आणि जिवाणू या दोघांचा संसार जमल्याशिवाय ते काम होत नाही. गाठीच्या आत झाड त्याला साखर पुरवते आणि जास्तीचा प्राणवायू दूर ठेवते. मुगाचे झोड उपटून गाठ नखाने फोडून पाहावी. आत लालसर गुलाबी दिसली तर काम चालू आहे, पांढरी किंवा हिरवट दिसली तर नाही.

१८९५ मध्ये डेल्फ्टच्या पॉलिटेक्निकने त्यांना प्राध्यापक म्हणून बोलावले. दोन वर्षांत त्यांच्यासाठी सूक्ष्मजीवशास्त्राची प्रयोगशाळा उभी राहिली, लागूनच राहायला घर. घरात माणसे तीनच. बायेरिंक आणि त्यांच्या दोन बहिणी, तिघेही अविवाहित. शास्त्राला वाहून घेतलेल्याने लग्न करू नये असे त्यांचे ठाम मत. ते स्वतःपुरते ठेवले असते तर कुणाची हरकत नव्हती, पण हाताखालचा कुणी लग्न करतो म्हटला की यांचे बिनसे. विद्यार्थ्यांशी तुटक, चुकीला क्षमा नाही, कौतुकाचा शब्द क्वचित. त्यांच्या चरित्रकारांनी हे लपवलेले नाही. आपणही लपवू नये. त्यांच्या बहिणींनी या माणसाला कसे सांभाळले असेल, हा विचार मनात येतोच. हेन्रिएटाच्या हातात कला होती. भावाच्या व्याख्यानांसाठी भिंतीवर टांगायची मोठमोठी रंगीत चित्रे तिने काढून दिली. त्यातली बरीच डेल्फ्टमध्ये अजून जपून ठेवली आहेत.

या प्रयोगशाळेत बायेरिंक यांची खरी रीत तयार झाली. एखादा जिवाणू शोधायचा तर त्याचा पाठलाग करायचा नाही. त्याच्यासारख्यालाच जगता येईल आणि इतरांना येणार नाही अशी परिस्थिती एका चंबूत तयार करायची आणि चिमूटभर माती टाकून स्वस्थ बसायचे. ज्याला जगायचे तो वर येतो. असेच काम रशियाचे विनोग्राडस्कीही करत होते, आणि प्राणवायूशिवाय जगणारा एक नत्रग्राही जिवाणू त्यांनी १८९० च्या दशकात शोधलाही होता. बायेरिंक यांनी १९०१ मध्ये काय केले? साधे नळाचे पाणी घेतले, त्यात मॅनिटॉल नावाची साखरेसारखी वस्तू आणि किंचित फॉस्फेट घातले. नत्र मात्र मुद्दाम घातला नाही. पसरट चंबूत पाण्याचा थर पातळ ठेवला म्हणजे हवा भरपूर लागेल. त्यात बागेतली थोडी माती टाकली आणि उबेत ठेवून दिले. मातीतल्या लाखो जीवांपैकी बहुतेक नत्रावाचून उपाशी राहिले. काही दिवसांत पाण्यावर एक साय धरली, ती हळूहळू काळपट तपकिरी झाली. सूक्ष्मदर्शकाखाली जाडजूड, बहुधा जोडीजोडीने असलेले जीव दिसले. हाच अ‍ॅझोटोबॅक्टर. आणि गंमत पाहा, त्याचा दुसरा भाऊ सापडला तो मातीत नव्हे, डेल्फ्टच्या कालव्याच्या पाण्यात.

या जिवाणूची एक मोठी अडचण असते. नत्राची मिठी सोडवणारे त्याच्या अंगातले यंत्र प्राणवायू लागताच बिघडते, आणि हा तर हवेत राहणारा. मग तो करतो काय, तर आलेला प्राणवायू आत पोचायच्या आधीच जाळून टाकतो. त्याच्याइतका झपाट्याने श्वसन करणारे जीव फार थोडे आहेत. त्यासाठी त्याला खायला भरपूर लागते, म्हणजे जमिनीत सेंद्रिय कर्ब लागतो. शेणखताशिवाय नुसते पाकीट चोळून फारसे काही होत नाही ते यामुळे. शिवाय नत्र पकडणे हे इतके खर्चाचे काम आहे की आयता नत्र मिळाला तर कोणताही शहाणा जीव त्या भानगडीत पडत नाही. म्हणून युरियाची मूठ सढळ झाली की मुगाच्या गाठीही आळसावतात. नत्राशिवाय ठेवले तरच नत्र पकडणारा पुढे येतो, हे बायेरिंक यांच्या चंबूचे मर्म होते. मामांचे पाकीट आणि युरियाची गोणी एकाच दिवशी एकाच शेतात पडत असे, तेव्हा हे त्यांना कुणी सांगितले नव्हते.

इथून पुढची गोष्ट समुद्राची आहे. तापीकाठच्या वाचकाला समुद्राचे काय, असे वाटेल. पण जमिनीपेक्षा नत्राची टंचाई समुद्रात कमी नाही. तिथेही हवेतला नत्र पाण्यात विरघळलेला असतो आणि तिथल्या सूक्ष्म वनस्पतींना तो घेता येत नाही. बायेरिंक यांना समुद्र परका नव्हता. डेल्फ्टपासून उत्तर समुद्राचा किनारा अगदी जवळ. समुद्रातल्या माशांवर रात्री चमकणाऱ्या जिवाणूंवर त्यांनी १८८९ मध्येच लिहिले होते, आणि त्यांचा उजेड पाहून पाण्यात प्राणवायू आहे की नाही हे ओळखण्याची युक्तीही काढली होती. समुद्रातल्या नत्राकडे मात्र ते स्वतः वळले नाहीत. वळली ती त्यांची रीत.

उत्तर जर्मनीत बाल्टिक समुद्राच्या काठी कील नावाचे बंदर आहे. तिथल्या बेनेके आणि कॉइटनर या दोघांनी बायेरिंक यांचा चंबू खाऱ्या पाण्याने भरला. त्यात नत्र घातला नाही आणि समुद्रातला नमुना सोडला. १९०३ मध्ये त्यांनी जाहीर केले की बाल्टिकमध्येही अ‍ॅझोटोबॅक्टर आणि त्याचे बिनहवेत जगणारे भाईबंद सापडतात. थंड प्रदेशातल्या किनाऱ्याच्या पाण्यात नत्र पकडणारे जीव आहेत, याचा हा पहिल्या पुराव्यांपैकी एक. मात्र तो तिथे किती काम करतो, हे चंबूवरून कळत नव्हते. आणि खरे कामकरी वेगळेच होते. बायेरिंक यांनी १९०१ च्याच लेखात नोंदवले होते की नत्राशिवायचा चंबू अंधाराऐवजी उजेडात ठेवला तर त्यात निळे-हिरवे शेवाळ वाढते. ते नत्र पकडते याची पक्की सिद्धता व्हायला पुढे १९२८ साल उजाडले.

बाल्टिकमध्ये हे शेवाळ जे करते ते पाहिले की बायेरिंक यांचा चंबूच कुणी समुद्राएवढा मोठा करून ठेवला आहे असे वाटते. आपल्याकडे शेतीचे चक्र पावसावर चालते, तिथे समुद्राचे चक्र उजेडावर आणि वाऱ्यावर चालते. हिवाळ्यात वादळे पाणी ढवळून काढतात, खालचा नत्र आणि स्फुरद वर येतात, पण उजेड नसतो. एप्रिलच्या सुमारास दिवस मोठा होतो आणि सूक्ष्म वनस्पतींना बहर येतो. त्या पाण्यातला नत्र बघता बघता संपवतात. स्फुरद मात्र थोडा उरतो. जुलै उजाडला की पाणी कोमट, वारा पडलेला, नत्र शून्य, स्फुरद शिल्लक. चंबू तयार! अशा वेळी नोड्युलारिया आणि अफानिझोमेनॉन या दोन शेवाळांचे राज्य येते. पाणी वाटाण्याच्या आमटीसारखे होते, उपग्रहातून हिरवे-पिवळे पट्टे दिसतात. एका उन्हाळ्यात ही शेवाळे काही लाख टन नत्र समुद्रात आणून ओततात असे अंदाज आहेत. ऑगस्ट सरला, पाणी गार झाले, वारे सुटले, की हा खेळ आटोपतो.

आपल्या मुगाला जे वरदान, ते बाल्टिकला मात्र संकट झाले आहे. काठावरच्या देशांची शेतखते आणि सांडपाणी शंभर वर्षे या जवळजवळ बंदिस्त समुद्रात जात राहिले. स्फुरद साचला. जेवढा स्फुरद जास्त, तेवढे हे शेवाळ जास्त, आणि ते मरून तळाला गेले की कुजताना तिथला प्राणवायू खाते. नोड्युलारिया विषारीही आहे. ते पाणी पिऊन कुत्री मेल्याची उदाहरणे आहेत. शिवाय या देशांची पंचाईत अशी की नद्यांतून येणारा नत्र अडवला तरी शेवाळ तो हवेतून आणते. म्हणून स्फुरद कमी करण्यावाचून गत्यंतर नाही. फुकटचा नत्र चांगला की वाईट, याचे उत्तर जागेवर आणि ऋतूवर असते. गिरणेच्या काळ्या जमिनीत एक, बाल्टिकच्या पाण्यात दुसरे.

आपल्या पश्चिम किनाऱ्यालाही असा एक पाहुणा येतो. फेब्रुवारीपासून मेपर्यंत समुद्र शांत असताना कोकण-गोव्याच्या पाण्यावर लाकडाच्या भुश्यासारखे तपकिरी पट्टे तरंगताना दिसतात. ते ट्रायकोडेस्मियम, उष्ण समुद्रातले नत्र पकडणारे शेवाळ. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकापासून त्याच्या नोंदी केल्या आहेत. या शेवाळामुळे बरीच वर्षे शास्त्रज्ञांचा असा समज होता की खुल्या समुद्रात नत्र पकडणे हे उष्ण पाण्याचेच काम. थंड किनाऱ्यांवर पाणी गार, नद्यांमुळे नत्रही बरा, तिथे कोण कशाला हे करील? बाल्टिक हा खाडीवजा अपवाद मानला जाई.

हा समज मोडला तो कॅलिफोर्नियाच्या माँटेरे उपसागराच्या काठी. या उपसागराशी डेल्फ्टचे जुने नाते आहे. बायेरिंक यांच्या गादीवर क्लायव्हर आले, आणि क्लायव्हरांचे शिष्य व्हान नील यांनी या उपसागराच्या दक्षिण टोकाला पॅसिफिक ग्रोव्ह येथे डेल्फ्टची रीत दोन पिढ्यांना शिकवली. उत्तर टोकाला सांताक्रूझ आहे. तिथल्या विद्यापीठात पुढे आलेल्या जोनाथन झेर यांना १९९८ मध्ये प्रशांत महासागराच्या पाण्यात नत्र पकडणाऱ्या एका अनोळखी जीवाचा डीएनएचा तुकडा मिळाला होता. जीव दिसत नव्हता, कुठल्याही चंबूत वाढत नव्हता. इकडे जपानच्या क्योको हागिनो या एक सूक्ष्म सागरी शैवल प्रयोगशाळेत जगवण्यासाठी दहा वर्षांहून अधिक काळ धडपडत होत्या. त्यासाठी त्यांनी समुद्रावर तीनशेहून जास्त फेऱ्या केल्या. अखेर कळले ते असे की झेर यांचा जीव हागिनो यांच्या शैवलाच्या पेशीत राहतो. आणि एप्रिल २०२४ मध्ये जाहीर झाले की तो आता पाहुणा उरलेलाच नाही, पेशीचा एक अवयवच झाला आहे. त्याला नायट्रोप्लास्ट म्हणतात. हा जोडीदार समशीतोष्ण किनाऱ्यांवर सापडतो, थेट आर्क्टिकच्या थंड पाण्यातही सापडतो. आणखी एक गोष्ट अशी की पाण्यात आयता नत्र असतानाही तो हवेतला नत्र पकडत राहतो. बायेरिंक यांचा चंबू याला कधीच पकडू शकला नसता. नत्र काढून घेतल्यावर वर येणाऱ्यांतला हा नव्हेच.

बायेरिंक सत्तर वर्षांचे झाले आणि १९२१ मध्ये नियमाप्रमाणे निवृत्त झाले. प्रयोगशाळा सोडणे म्हणजे त्यांच्या बाबतीत घर सोडणेही होते. दोघी बहिणींसह ते देशाच्या पूर्वेकडच्या गोर्सेल या खेड्यात राहायला गेले. बाग केली, झाडे पाहिली, पोरवयातला तो नाद पुन्हा धरला. कीर्ती होती. डच विज्ञान अकादमीचे लेव्हेनहूक पदक १९०५ मध्येच मिळाले होते. नोबेल मिळाले नाही. गोर्सेलला आल्यावरही लिहिणे थांबले नव्हते. १९२५ मध्ये, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी त्यांनी एका नागमोडी जिवाणूबद्दल लेख लिहिला. हा जिवाणू हवेतला नत्र पकडू शकतो असे त्यांना वाटत होते, पण खात्री नव्हती. म्हणून लेखाच्या शीर्षकापुढे त्यांनी प्रश्नचिन्ह ठेवले. १ जानेवारी १९३१ रोजी गोर्सेल येथे कर्करोगाने त्यांचे निधन झाले, तेव्हाही ते प्रश्नचिन्ह तसेच होते.

१९७० च्या दशकात ब्राझीलमध्ये योहाना डबरायनर या बाईंनी गवताच्या आणि मक्याच्या मुळांवर तोच नागमोडी जिवाणू पुन्हा पाहिला, तो नत्र पकडतो हे दाखवले, आणि त्याला अ‍ॅझोस्पिरिलम हे नाव मिळाले. आपल्या दुकानातल्या फळीवरचे तिसरे पाकीट ते हे. बाजरीला, ज्वारीला, मक्याला चोळायचे, आणि बी सावलीत सुकवायचे.